तिसरा हात

गाडी सुरू करायला किल्ली लागते आणि तेवढी पुरते, असा एक समज लेकीच्या मनात चाळीस वर्षं सुखाने नांदत होता. तो मोडायला पाच दिवस लागले आणि मोडताना त्याने बराच आवाज केला. त्यातला अकरा मिनिटांचा आवाज तर सगळ्या इमारतीने ऐकला. पण तो पुढे येईल.

सुरुवात एका कागदाने झाली. जिन्याखालच्या फळ्यावर कमिटीने सूचना लावली होती. आवारात नवी फरशी घालायची असल्याने सर्व वाहने शनिवारी दुपारी बारापर्यंत मागच्या मैदानात न्यावीत. जी वाहने हलणार नाहीत ती क्रेनने ओढून नेण्यात येतील. सूचनेत शुद्धलेखनाच्या चार चुका होत्या. लेक एका प्रकाशकाकडे मुद्रितं तपासायची, त्यामुळे आधी तिला चुका दिसल्या आणि मग मजकूर. हा तिचा जुनाच दोष. आवारात न हलणारं वाहन एकच होतं, आणि ते तिच्या वडिलांचं होतं. वडील जाऊन सात आठवडे झाले होते. गाडीही सात आठवडे तिथेच होती, धुळीची चादर पांघरून.

लेकीने वर येऊन आईला सांगितलं. आई गॅलरीत खुर्चीवर बसली होती. सात आठवडे ती तिथेच बसत होती. खाली म्हणून उतरली नव्हती.

"म्हणजे दोरी बांधून नेणार?" आईने विचारलं.

"क्रेन असते आई. हूक लावतात आणि पुढचं तोंड उचलतात."

आईने खाली गाडीकडे बघितलं. मग म्हणाली, "ह्यांना चार जणांनी चादरीत घालून नेलं. लिफ्टमध्ये स्ट्रेचर मावेना. वळणावर पाय भिंतीला लागत होते, ते मी बघितलंय. आता गाडीला कोणी उचलायचं नाही. तिची ती चालत जाईल."

सात आठवड्यांत आईने मागितलेली ही पहिली गोष्ट. लेक म्हणाली, "जाईल." हा शब्द देताना तिच्याकडे वाहन चालवायचा परवाना, एक किल्ली आणि भरपूर आत्मविश्वास होता. यांपैकी पहिली गोष्ट अखेरपर्यंत शाबूत राहिली.

सोमवारी सकाळी ती खाली गेली, काच पुसली, आत बसली आणि किल्ली फिरवली. किल्ली अर्ध्यावर गेली आणि थांबली. समोरचे दिवे लागले, पण पुढे काही घडेना. जोर लावला तर किल्ली वाकेल असं वाटायचं. सोडली तर ती आपसूक मागे यायची, जणू तिला या बाईशी बोलायचंच नव्हतं. लेकीने मग ती गोष्ट केली जी ती आयुष्यातल्या प्रत्येक संकटात करत आली होती. तिने पुस्तक उघडलं. गाडीच्या कप्प्यात गाडीचं माहितीपुस्तक होतं, वडिलांनी खाकी कव्हर घातलेलं. त्यात पान एकोणीसवर लिहिलं होतं: 'किल्ली घाला व फिरवा.' एवढंच. लेकीने आजवर बरेच कमअस्सल लेखक वाचले होते, पण वाचकाला इतकं वाऱ्यावर सोडणारा हा पहिलाच.

वर गॅलरीतून आई बघत होती. तिने वाकून हाक मारली, "अगं, डावीकडून जरा..."

"आई, तू राहू दे गं. मी वाचतेय," लेक म्हणाली.

आई परत खुर्चीत बसली. हे वाक्य लक्षात ठेवायला हवं. लेकीच्या तर ते जन्मभर लक्षात राहणार आहे.

इमारतीत एखाद्याची गाडी बंद पडली की ती एका घराची राहत नाही, सार्वजनिक होते. दुपारपर्यंत पहिल्या मजल्यावरचे ग्रीसकाका बाह्या सरसावून हजर झाले. त्यांची उभी हयात टपालाच्या कारकुनीत गेली होती, पण तरुणपणी एकदा त्यांनी सायकलची उतरलेली चेन स्वतः चढवली होती आणि तेव्हापासून यंत्र म्हटलं की त्यांना बोलावणं लागत नसे.

"गंज," ते म्हणाले. "सात आठवडे उभी आहे. तेल सोडायचं."

त्यांनी शिवणयंत्राचं तेल आणलं आणि किल्लीच्या भोकात सोडलं. बरंच सोडलं. तेवढ्यात समोरची काकू खाली आली. ती म्हणाली, कुलपात तेल कधी घालतात का, शिसपेन्सिलीची पूड घालतात, आमच्या कपाटाचं कुलूप तसंच सुटलं. काकूचंही बरोबर होतं. फक्त दोन उपाय एकानंतर एक झाल्यावर आत काय शिजलं असेल, याचा विचार तिथे जमलेल्या पाच जणांत कोणाच्याच मनाला शिवला नाही. बाहेर आलेली किल्ली काळीकुळकुळीत होती. लेकीची बोटं काळी झाली, मग बाही, मग कपाळ.

"तुझ्या वडिलांना बरी जमायची," काकू म्हणाली. "आत बसले की गाडी चालू."

"हो, पण एकटे कधी काढायचे का?" ग्रीसकाका हसले. "केस कापायला जायचं तरी वहिनी शेजारी. अर्धा अर्धा तास बिचाऱ्या न्हाव्याच्या दारात गाडीत बसून असायच्या. आम्ही म्हणायचो, ह्यांचं बायकोशिवाय पान हलत नाही."

लेकही हसली. हा विनोद ती बरीच वर्षं ऐकत आली होती. ती गावाला यायची तेव्हा स्टेशनवर दोघं यायची. एकदा आईला ताप होता, तरीही शाल गुंडाळून आई गाडीत होती. तेव्हा लेकीने वडिलांना चांगलंच सुनावलं होतं. वडील नुसते आरशात बघून हसले होते.

मंगळवारी ग्रीसकाकांना स्क्रूड्रायव्हर सापडला. त्यांनी स्टिअरिंगच्या खालचं झाकण जरासं उचकटलं, फक्त बघायला म्हणून, आणि हॉर्न सुरू झाला. तो थांबेना. ग्रीसकाका बटणावर ठोसे मारत होते, लेक तारा शोधत होती, गॅलऱ्यांतून माणसं डोकावत होती. शेवटी कोणीतरी बॅटरीची तार काढायची अक्कल दाखवली. तोवर अकरा मिनिटं झाली होती. नंतरच्या शांततेत वरून आईचा आवाज आला, अगदी साधा: "ह्यांनी कधी असा वाजवला नव्हता."

ग्रीसकाका निमूटपणे जिना चढून गेले. लेक गाडीत तशीच बसून राहिली. तिला वाटलं होतं, रडू येईल. पण काळ्या बोटांनी डोळे पुसता येत नाहीत, म्हणून तिने तो बेत पुढे ढकलला.

बुधवारी ती मुदत मागायला सेक्रेटरींकडे गेली. सेक्रेटरी भला माणूस होता. त्याने तिला बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि म्हणाला, "मुदत मिळेल. मालकाच्या सहीचा अर्ज लागेल."

"गाडी बाबांच्या नावावर आहे."

"मग त्यांचा."

"ते नाहीत."

"मला का ठाऊक नाही? मी होतो ना त्या दिवशी, डाव्या बाजूचं टोक माझ्या हातात होतं," सेक्रेटरी म्हणाला, आणि खरोखरच त्याचे डोळे भरून आले. "पण नियम मी केलेला नाही. वाहन दुसऱ्याच्या नावावर करून आणा, मग त्यांचा अर्ज चालेल."

नाव बदलायच्या कचेरीत तिने चौकशी केली. खिडकीतला माणूस म्हणाला, होईल की, गाडी तपासणीला इथे चालवत घेऊन या.

म्हणजे गाडी चालवायची तर मुदत हवी, मुदतीला नाव हवं आणि नावासाठी गाडी चालायला हवी. लेक बसथांब्यावर उभी राहून हे वर्तुळ कुठे तुटतं का ते बघत राहिली. ते फक्त एका माणसाच्या सहीने तुटत होतं.

गुरुवारी तिला जाहिरात सापडली. 'किल्ली अडली? इग्निशन बिघडलं? आम्ही तुमच्या दारी येतो.' गाडी गॅरेजला न्यायची गरज नाही, व्हॅनमधून माणूस येतो, जागच्या जागी जुनं लॉक काढून नवं बसवतो. लेकीने फोन लावला आणि गाडीचा नंबर सांगितला. पलीकडच्या मुलीचा आवाज फार गोड होता.

"मॅडम, शनिवारी सकाळी दहाला माणूस येईल. सुरक्षेसाठी मालकांच्या नंबरवर ओटीपी पाठवलाय, तो सांगा."

लेकीने फोन दुसऱ्या कानाला लावला. मग म्हणाली, "तो नंबर... बंद असेल."

"नाही मॅडम, इकडे पोचला दाखवतंय."

आतल्या खोलीत कपाटामधून टिंग असा आवाज आला.

आई उठली. तिने कपाट उघडलं, हँगरवरच्या फिक्या निळ्या शर्टाच्या खिशातून वडिलांचा फोन काढला. फोन पूर्ण चार्ज होता. लेक बघतच राहिली.

"रोज संध्याकाळी लावते," आई म्हणाली. "कोणाचा आला म्हणजे? सगळ्यांना कुठे कळलंय अजून." मग तिने चष्मा चढवला आणि बातम्या द्याव्यात तसे आकडे वाचले, "पाच. शून्य. दोन. नऊ."

"धन्यवाद," गोड आवाज म्हणाला. "मालकांची ओळख पटली आहे."

आईने फोन परत खिशात ठेवला, खिशाचं बटण लावलं. तेवढ्यापुरती ती बरी दिसली.

शनिवारी दहाला व्हॅन आली नाही. पावणेअकराला क्रेन मात्र आली, वेळेआधी. क्रेनवाला फाटकाशी उतरून विडी ओढत उभा राहिला, अगदी सहज, ज्याचं काम ठरलेलं असतं तसा. अकरा वाजून पाच मिनिटांनी व्हॅन आली. आतून साठीचा, बारीक केसांचा मेकॅनिक उतरला. व्हॅनचा मागचा दरवाजा उघडला तर आत एक अख्खं दुकान होतं: वस्तू आवळून धरायचा शेगडा, कप्पे, किल्ल्या कापायचं यंत्र, भिंतीला टांगलेल्या शेकडो कोऱ्या किल्ल्या.

"मालक?" त्याने फॉर्म काढला.

लेकीने मृत्यूचा दाखला पुढे केला. त्याने तो दोन्ही हातांनी घेतला, वाचला, कपाळाला लावल्यासारखं करून परत दिला. मग फॉर्मकडे बघत म्हणाला, "ह्यात दोनच रकाने आहेत ताई. 'मालक उपस्थित' आणि 'मालक परगावी'. काय करू?"

फाटकाशी क्रेनवाल्याने घड्याळ बघितलं.

"परगावी," लेक म्हणाली.

त्याने खूण केली. वीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका पकडणाऱ्या लेकीने ही एक चूक डोळ्यांदेखत छापू दिली.

मेकॅनिकने झाकण उघडलं, लॉक हातातल्या दिव्याखाली बघितलं आणि बोटाला लागलेली काळी खळ वास घेऊन पाहिली. "हे कोणी केलं?"

गर्दीतले ग्रीसकाका आकाशाकडे बघू लागले.

लॉक बाहेर आलं. मेकॅनिकने ते फडक्यावर ठेवलं, पुसलं आणि उलटसुलट करून बघता बघता त्याचा चेहरा बदलला. "ताई, ही गाडी बंद पडलेली नव्हती. हे लॉक दहा-बारा वर्षांपूर्वीच गेलंय. ह्याच्यावर गाडी चालू कशी करायचे?"

"बाबा करायचे. रोज."

"एकटे?" त्याने मान हलवली. "हे बघा. एका हाताने किल्ली थोडी बाहेर ओढून फिरवायची. दुसऱ्या हाताने लॉक खालून दाबून धरायचं. आणि त्याच वेळी स्टिअरिंग डावीकडे ताणून धरायचं, नाहीतर आतली खीळ सुटत नाही. माणसाला दोन हात. ह्याला तिसरा लागतो. तिसरा हात कोणाचा होता?"

मग वरून, गॅलरीतून, आई म्हणाली, "माझा."

सगळ्यांनी वर बघितलं.

"ते 'हं' म्हणायचे, मी ओढून धरायची. मग सुरू व्हायची," आई म्हणाली. "मला वाटलं, सगळ्यांच्याच गाड्या अशा सुरू होतात."

"अगं मग सांगायचं नाहीस?" लेकीचा आवाज तिला स्वतःलाच परका वाटला.

"मला कोणी विचारलं? सोमवारी सांगत होते तर तू म्हणालीस, मी वाचतेय. म्हटलं, पुस्तकात असेल."

पाच दिवसांत ग्रीसकाकांना विचारून झालं होतं, काकूला, सेक्रेटरींना, खिडकीतल्या माणसाला आणि पान एकोणीसला. ज्या बाईने बारा वर्षं रोज ही गाडी सुरू केली, तिला विचारायचं राहिलं होतं, कारण तिला गाडी चालवता येत नव्हती. लेक बॉनेटला टेकून उभी राहिली.

"जुनंच परत बसवता येईल?" तिने हळूच विचारलं.

मेकॅनिकने काळ्या खळीकडे बघितलं. "बसेल. पण चालणार नाही. आतल्या पिना तुटल्यात ताई. जोर लागलाय कोणाचा तरी."

जोर तिचाच होता. सोमवारचा.

"नवं बसवा," वरून आई म्हणाली. आणि मग, सात आठवड्यांत पहिल्यांदा, ती जिना उतरून खाली आली. पायात चपला उलट्यासुलट्या होत्या, हातात पर्स होती आणि पर्समध्ये वडिलांचा फोन.

मेकॅनिक नवं लॉक बसवता बसवता आपल्या टॅबवर गाडीचा नंबर टाकत होता. तो मध्येच थांबला. "ही गाडी आमच्याकडे आधी येऊन गेलीय. म्हणजे आम्ही आलो होतो इथे. नऊ वर्षांपूर्वी." त्याने टॅब आईपुढे धरला. आईने चष्मा चढवला. पडद्यावर तीन ओळी होत्या:

तक्रार: किल्ली अडते, दुसऱ्या माणसाची मदत लागते.
काम: केले नाही.
ग्राहकाचे म्हणणे: गैरसोय नाही.

आईने त्या ओळी दोनदा वाचल्या.

"मला आठवतंय," ती म्हणाली. "मी वरून बघितलं होतं, माणूस आला आणि तसाच गेला. मी विचारलं, दुरुस्त का नाही करून घेतलं? तर म्हणाले, तो माणूस काही बरा वाटला नाही."

"तो मीच होतो," मेकॅनिक म्हणाला.

आईने त्याच्याकडे नीट बघितलं. "नाही, तसे बरे दिसता," ती म्हणाली आणि तोंडाला पदर लावला. हसू होतं की काय, ते लेकीला दिसलं नाही. मेकॅनिक खाली मान घालून स्क्रू आवळत राहिला. "मला म्हणाले होते, हे केलं की एकट्याला सुरू करता येईल ना? मी म्हटलं, हो साहेब, एका बोटाने. म्हणाले, मग राहू दे. मी म्हटलं, असतात लोक एकेक."

बाराला दहा मिनिटं कमी असताना नवी किल्ली कापून झाली आणि मंगळवारी काढलेली बॅटरीची तारही परत जोडली गेली. जुनं लॉक कंपनीत जमा करायचा नियम होता. मेकॅनिकने ते फडक्यात गुंडाळलं, फॉर्मकडे एकदा बघितलं आणि आईच्या हातात दिलं. "परगावी आहेत ना मालक," तो म्हणाला. "आले की त्यांनाच विचारू, कुठे गेलं ते."

लेक गाडीत बसली. आई शेजारी बसली, डावीकडे, जिथे सीटचा खळगा तिच्या मापाचा झाला होता. लेकीने किल्ली घातली. फिरवायच्या आधीच आईचा उजवा हात पुढे आला आणि स्टिअरिंगवर आपल्या जागी बसला. त्या जागेवरचं कातडं झिजून गुळगुळीत झालेलं होतं. इतकी वर्षं लेकीला ती झीज वडिलांच्या हाताची वाटत होती.

किल्ली लोण्यातून सुरी जावी तशी फिरली. गाडी सुरू झाली. आवारात कोणीतरी टाळ्या वाजवल्या, बहुधा ग्रीसकाकांनी. फाटकातून बाहेर पडताना क्रेनवाला बाजूला झाला आणि त्याने विडी टाकली.

मैदान मागेच होतं, शंभर पावलांवर. "मोठा वळसा घे," आई म्हणाली. लेकीने घेतला. न्हाव्याच्या दुकानावरून जाताना न्हाव्याने गाडी बघून सवयीने हात वर केला आणि मग त्याला आठवलं. तो हात त्याने तसाच वर धरून ठेवला, गाडी वळेपर्यंत.

मैदानात एका भिंतीलगत लेकीने गाडी लावली आणि बंद केली. तेवढ्यात पर्समध्ये वडिलांचा फोन वाजला. आईने घाईघाईने काढला, उचलला. आतून यंत्रातला आवाज आला, इतका मोठा की लेकीलाही ऐकू आला: "आमच्या सेवेने आपण समाधानी असाल तर एक दाबा. आपली काही गैरसोय झाली असेल तर दोन दाबा."

आईने फोन कानापासून दूर धरून आकड्यांकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. यंत्राने तेच परत एकदा विचारलं.

आईने दोन दाबलं.

"आमचे प्रतिनिधी लवकरच आपल्याशी बोलतील," आवाज म्हणाला आणि बंद झाला. आईने फोन पर्समध्ये, फडक्यात गुंडाळलेल्या लॉकशेजारी ठेवला.

"चल, जाऊ या वर?" लेकीने विचारलं.

"परत एकदा सुरू कर."

"कशाला गं? आता होते ती. एका बोटाने."

"मघाशी तू 'हं' म्हणाली नाहीस," आई म्हणाली. तिचा हात स्टिअरिंगवरच होता.

लेकीने किल्ली घातली. एका हाताने ती धरली, आणि दुसरा हात, काही गरज नसताना, लॉकच्या खाली लावला. समोरच्या भिंतीकडे बघत ती म्हणाली, "हं."

आईने ओढून धरलं.